भरतच्या बॉक्समधली सितारा

ओतूरच्या बाजारपेठेत बदरुद्दीन शेख कुठं राहतो म्हणून विचारलं, तर माणसं आधी डोकं खाजवायची आणि मग म्हणायची, "हां हां, बॉक्सवाला व्हय!" नाव मागं, बॉक्स पुढं, अशी त्याची ओळख. दुकानावर पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. घोडेगावापासून आण्याच्या पठारापर्यंत जत्रेत, लग्नात, भजनात जो बॉक्स वाजायचा, तो कधी ना कधी या माणसाच्या हाताखालून गेलेला असायचा.

घराणं मूळचं जुन्नरचं, सुताराचं. बाप दारं-खिडक्या करायचा, मोहरममध्ये ताबूत बांधायचा. पण नव्वद सालच्या आगंमागं गावोगाव ऑर्केस्ट्राचं खूळ आलं आणि पोरानं रंधा-करवत घेऊन प्लायवूडचे बॉक्स ठोकायला सुरुवात केली. बॉक्स ठोकता ठोकता त्यातले स्पीकर जोडायलाही शिकला. शिकवलं कुणी नाही. चार कॉइल जाळल्या, लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि शहाणा झाला. शिव्या खाल्ल्याशिवाय कुणाला काय आलंय इथं?

त्याचं पहिलं नाव झालं ते भरतच्या गिटारपायी. भरत म्हणजे गावातल्या कांदेवाल्या बागायतदाराचा पोरगा. बापाशी भांडून यानं गिटार आणली, ऑर्केस्ट्रा काढला आणि कुठूनसा गिटारचा बॉक्स करून आणला. दोन मोठाले स्पीकर, पण वाजवला की नुसता पोकळ. "बदरूभाई, आवाज येतोय, पण त्याला पोटच नाय राव," असं म्हणत तो रडकुंडीला आला होता. बदरुद्दीननं मागची फळी खोलली आणि हसला. एका स्पीकरच्या तारा सरळ जोडल्या होत्या, दुसऱ्याच्या उलट्या. म्हणजे एकाच्या तोंडावरचा कागद पुढं येणार तेव्हा दुसऱ्याचा मागं जाणार. एकाच औताला जुंपलेले दोन बैल, एक म्होरं ओढतोय, एक मागं. रान नांगरणार कसं? त्यानं दोन तारांची अदलाबदल केली, सोल्डरचा डाख दिला, आणि भरतनं गिटारवर हात मारल्याबरोबर समोरच्या पिठाच्या गिरणीतून सोनीबाई कानावर हात ठेवून बाहेर आली. "आग लागली त्या बॉक्साला!" म्हणाली. भरतनं बदरुद्दीनला मिठीच मारली.

पुढं लग्न झालं. सितारा घोडेगावची. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती दुकानात येऊन उभी राहिली, कारण हे काम एकट्याचं नाहीच. स्पीकरची तार कुठली सरळ, कुठली उलटी, हे बघायची पद्धत साधी आहे. बॅटरीतला सेल घ्यायचा आणि तारांना टेकवायचा. थप् करून कागद उचलला तर तारा सरळ, आत गेला तर उलट्या. पण टेकवणारा असतो बॉक्सच्या मागं आणि कागद असतो पुढं. मग सितारा पुढं बसायची, कागदावर तळहात ठेवायची आणि डोळे मिटायची. हा मागून सेल टेकवायचा. ती म्हणायची, "भायेर." नाहीतर, "आत." कधी चुकली नाही. "तुमचा कान सुताराचा हाय जी," असं ती त्याला चिडवायची, "लाकूड बोललं तर ऐकाल, माणूस बोललेलं काय कळायचं!" आणि तो म्हणायचा, "म्हणून तर तुला आणली." अशी त्यांची सारी वर्षं गेली. कशिश झाली, चालायला लागली, शाळेत जायला लागली, तीही सेल टेकवायला शिकली.

मग सिताराला कावीळ झाली. ती पोटात उतरली आणि तिनं अंथरूण धरलं. दुकानामागच्या खोलीत खाट टाकली. माणूस किती दिवस नुसता पत्र्याकडं बघत पडणार? म्हणून बदरुद्दीननं एक उद्योग केला. दुकानाच्या भिंतीवर टेस्टिंगचा फळीचा बोर्ड होता. जो बॉक्स येईल तो त्या बोर्डाला जोडायचा. त्या बोर्डावरून एक वायर काढून तुळईवरून आत नेली आणि तिच्या उशाशी एक स्पीकर लावला. इकडं बॉक्स वाजला की तिकडंही वाजायचा. ती आतून क्षीण आवाजात ओरडायची, "अहो, एक उलटा बसलाय!" आणि हा मुद्दाम उलटा जोडायचा, तिचं ओरडणं ऐकावं म्हणून. वेडा माणूस. पण अशा वेडानं कावीळ हटत नाही. सितारा गेली.

दफन करून आला त्या दिवशी त्यानं आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि पोरीला सांगितलं, "कशिश, आतला स्पीकर काढ आणि माळ्यावर टाक. मला तो दिसला नाय पायजे." ती "हां अब्बा" म्हणाली. एवढं सांगितलं, झालं. तो स्वतः त्या खोलीत परत गेला नाही. दुकानातच चटई टाकून झोपायला लागला. पोरगी त्या खोलीत झोपायची.

आणि पोरीकडं बघणंही त्यानं सोडलं. हे लोकांना लवकर कळलं नाही, पण सोनीबाईला कळलं. गिरणीच्या दारातून तिला सगळ्या आळीचं दिसायचं. कशिश अकरा-बारा वर्षांची, पण नाक-डोळे, हनुवटी, मान वळवणं, सगळं आईचं. जणू आईच लहान करून ठेवलेली. ती भाकरी घेऊन आली की हा ताटाशी बोलायचा, "ठेव तिथं." वही दाखवायला आली की वहीशी बोलायचा. पोरगी थोडा वेळ उभी राहायची आणि आत जायची. हळूहळू ती बोलायचीच थांबली.

सितारा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी तिची बहीण घोडेगावहून आली, कशिशची खाला. नवरा रिजवान गाद्यावाला. घर भरलेलं, पोरीबाळी घरात. ती स्पष्ट बोलणारी बाई. म्हणाली, "भाईजान, पोरगी वाढती. घरात बाईमाणूस नाय. तिला माझ्याकडं द्या, तिकडं शाळंत घालते. तुमीबी मोकळे." "इचार करून सांगतो," बदरुद्दीन म्हणाला. कशिश दाराआड उभी होती.

त्या दिवसांत लोडशेडिंगचा सुळसुळाट. दुपारी लाइट गेली की अख्खी बाजारपेठ मुकी व्हायची. गिरणी बंद, पंखे बंद, टीव्ही बंद. अशाच एका दुपारी बदरुद्दीन दुकानात बसला होता. समोर भरतचा तोच जुना गिटारचा बॉक्स; कॉइल बदलायला आलेला, सितारा आजारी असतानाच. काम कधीच झालं होतं, पण तो बोर्डाला जोडलेला तसाच राहिला होता. अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर उघडा, त्याच्या तारा सुट्या. बदरुद्दीन पुढं सरकला आणि बॉक्सच्या जाळीवर कपाळ टेकून म्हणाला, "सितारा, मला टाकून कुठं गेलीस गं?"

बॉक्समधून आवाज आला, "हूं."

तो ताडकन उठला. चप्पल न घालताच रस्त्यावर आला आणि उन्हात उभा राहिला. सोनीबाईनं विचारलं, "काय रं झालं?" तर यानं नुसतं दुकानाकडं बोट केलं.

दुसऱ्या कुणी त्या बॉक्सला हात लावला नसता. पण यानं संध्याकाळी मागची फळी खोलली. आत दोन स्पीकर, त्याच्याच हातच्या तारा, त्याचेच डाख. बाकी काही नाही. त्यानं फळी परत लावली आणि दुसऱ्या दुपारी लाइट जायची वाट बघत बसला.

लाइट गेली. त्यानं हळूच हाक मारली. मग लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा बारीक, कापरा आवाज आला, "जेवलात का?"

सिताराच. तीच बोलायची ढब, 'जेवलात'वरचा तोच हेल. बदरुद्दीन जाळीला कान लावून लहान पोरासारखा रडला. "नाय जेवलो," म्हणाला. "जेवून घ्या," असं उत्तर आलं. तो उठला आणि झाकून ठेवलेली भाकरी खाल्ली. भाकरी कुणी केली हे मात्र त्याच्या मनात आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, वायरिंग कोळून प्यालेला माणूस, त्याला एवढं कळू नये? अहो, स्पीकर बोलतो तसा ऐकतोही. दोन स्पीकर एका वायरीनं जोडा आणि एकाच्या कागदाशी बोला, दुसऱ्यातून बारीक आवाज येतो. वीज लागत नाही. हे बदरुद्दीनला ठाऊक नव्हतं का? होतं. पोरांना गंमत म्हणून त्यानंच कितीदा करून दाखवलं होतं. पण आतली वायर मोकळी आहे, स्पीकर माळ्यावर पडलाय, हे त्यानं पोरीच्या एका 'हां'वर पक्कं धरलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्याला कळून घ्यायचंच नव्हतं. डोळ्यावर कातडं ओढलेल्या माणसाला सूर्य दाखवून उपयोग काय!

मग रोजचंच झालं. सकाळी शाळेची वेळ असायची तेव्हा बॉक्स मुका. लाइट असेल तेव्हाही मुका, कारण गिरणीच्या घरघरीत काय ऐकू येणार? पण बदरुद्दीननं आपल्या मनाशी ठरवलं की विजेला ती भिते, लाइट गेली की येते. तो तिला सगळं सांगायचा. कुठला बॉक्स आला, कोण काय म्हणालं, गुडघा कसा दुखतो. आवाज मोजकंच बोलायचा. "औषध लावा." "दाढी वाढलीय." एकदा तो म्हणाला, "तुझा हात लई आठवतो." त्यावर नुसता श्वास ऐकू येत राहिला, खूप वेळ.

आळीत कुजबुज सुरू झाली. सोनीबाई म्हणाली, "बदरू, बाईचा जीव गुतलाय त्यात. कुणा जाणत्याला दाखव बाबा." तो तिच्या अंगावर धावला. भरत दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा कावून म्हणाला, "बदरूभाई, आण्याच्या जत्रेची सुपारी घेतलीय मी. बॉक्स कव्हा देतोस?"

"दुसरा घेऊन जा. नवा घे. हा नाय देणार."

"आरं, माझाच हाय की त्यो!"

"नाय देणार म्हणलं ना!" बदरुद्दीन बॉक्ससमोर हात पसरून उभा राहिला. भरतनं त्याच्या डोळ्यांकडं बघितलं आणि मागं सरला. जाताना कशिशच्या डोक्यावर हात ठेवून गेला. ती दारात उभी राहून सगळं बघत होती.

खालाचा निरोप आला. रिजवान जुन्नरला येतोय, तिथनं ओतूरला येऊन जाईल, पोरीला तयार ठेवा. आता सांगणं भाग होतं. त्या दुपारी लाइट गेल्याबरोबर बदरुद्दीननं दुकानाचं फळकूट ओढलं आणि बॉक्सपुढं बसला.

"सितारा, तुझी बहीण कशिशला न्यायचं म्हणती. मी काय करू?"

तो जाळीला आणखी चिकटला.

"माझ्याच्यानं व्हत नाय गं. तिच्याकडं बघितलं की तूच दिसतीस. माझं काळीज फाटतं. मला बघवत नाय तिच्याकडं. तूच सांग. तू म्हणशील तसं करतो."

दुकानात उंदराची खुडबुड ऐकू येत होती. मग आवाज आला. नेहमीपेक्षा बारीक, पण स्वच्छ.

"पाठवून द्या."

त्यानं जाळीला हात लावला आणि मान हलवली. संपलं. सिताराचा हुकूम.

रिजवान आला. कशिशनं पिशवी आधीच भरली होती. ती बापासमोर उभी राहिली. "जाते अब्बा," म्हणाली. तो पिशवीशी बोलला, "नीट ऱ्हा." एसटी स्टँडवर सोडायलाही गेला नाही. त्याला घाई होती, दुपारची लाइट जायची वेळ झाली होती.

बॉक्स मुका राहिला. दुसऱ्या दिवशीही मुका, तिसऱ्याही. तो हाका मारमारून थकला. "तू सांगितलंस तसं केलं ना? मग आता का रुसलीस?" घरात भाकरी नव्हती, दिवाबत्ती नव्हती. सोनीबाई डबा ठेवून जायची, तो तसाच परत जायचा. शेवटी त्याच्यातला कारागीर जागा झाला. वायर कुठं तुटली असेल, डाख सुटला असेल. त्यानं खणातून सेल काढला आणि बोर्डावरच्या तारांना टेकवला.

थप्. बॉक्सचा कागद उचलला.

आणि त्याच क्षणी मागच्या बंद खोलीत, कुणी उशीवर थाप मारावी तसं, थप्.

त्याच्या हातातला सेल गळून पडला. तो खाली वाकला, सेल उचलला आणि पुन्हा टेकवला. इकडं थप्. आत थप्. आत कुणीतरी होतं, नाहीतर काहीतरी होतं, आणि ते त्याच्याच सेलला ओ देत होतं. त्यानं अल्लाचं नाव घेतलं आणि सितारा गेल्यापासून पहिल्यांदा ते दार लोटलं.

खाटेवर, सिताराच्या उशीच्या जागी, तो स्पीकर उताणा ठेवलेला होता. वर सिताराची ओढणी. तुळईवरून आलेल्या तारांची टोकं दातांनी सोलून स्पीकरला पिळली होती, लहान बोटांचा पीळ, कुठं जास्त, कुठं कमी. पण सरळला सरळ, उलटला उलट, चूक नाही. खाटेशेजारी जमिनीवर चटई होती. त्या चटईवर बसून, खाटेवर ओणवं होऊन, स्पीकरशी तोंड नेऊन पोरगी दुपारभर राहत असणार. आधी नुसतं ऐकायला. बाप जे तिच्याशी बोलत नव्हता, ते सगळं तिला इथं ऐकू यायचं. मग एक दिवस न राहवून 'हूं' म्हणाली. बाप बोलायला लागला. आईचं नाव घेऊन का होईना, तिच्याशी बोलायला लागला.

बदरुद्दीन खाटेच्या कडेला बसला. त्याला एकेक आठवायला लागलं. जेवलात का. दाढी वाढलीय. औषध लावा. आणि शेवटचं. बापाला आपल्याकडं बघवत नाही, हे त्या लेकरानं इथं बसून स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. वर बापानं तिलाच विचारलं होतं, तुला पाठवू का? "या खुदा!" तो म्हणाला आणि त्यानं तोंडावर दोन्ही हातांनी मारून घेतलं. सोनीबाई धावत आली. त्यानं तिला काही सांगितलं नाही. दुकान उघडं टाकून स्टँडकडं पळत सुटला.

नारायणगावला गाडी बदलून घोडेगावात पोहोचला तेव्हा ऊन कलतीला आलं होतं. रिजवानच्या दारात कापूस पिंजायला टाकलेला. खाला बाहेर आली, त्याचा अवतार बघून घाबरली. "भाईजान, काय झालं?"

"कशिशला बोलव."

"शाळंतून आलीय आत्ताच. पर आधी पानी तर घ्या—"

"बोलव तिला."

खालानं आत हाक मारली. "कशिश, अब्बा आलेत." आत कसलंतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला. आणि मग ती आली. डोक्यावरून ओढणी खाली ओढून घेतलेली, अगदी हनुवटीच्या खालपर्यंत. चेहरा दिसत नव्हता. चाचपडत उंबऱ्याशी आली आणि उभी राहिली.

खाला हसली. "ही काय गं तऱ्हा? बापापुढं पडदा?"

ओढणीच्या आतून ती म्हणाली, "आता बोला अब्बा. आता अम्मी नाय दिसणार."

खालाचं हसू जागच्या जागी विरलं. बदरुद्दीन खाली गुडघ्यावर बसला. कधी स्पीकरच्या कागदालासुद्धा त्यानं इतक्या जपून हात लावला नसेल. त्यानं ओढणीचं टोक धरलं, हळूहळू वर केलं आणि मागं टाकलं. तेच डोळे. तीच हनुवटी. रडून लाल झालेलं नाक.

"दिसती," तो म्हणाला. "हुबेहूब दिसती. दिसू दे."

आणि तो बघत राहिला, ती नजर खाली घालायला लागली तरी बघत राहिला.